उंबरावरचं पोतं

२८ मार्च, शुक्रवार

गाय व्याली. खरं तर 'गाभ पडला' असं लिहायला हवं, पण आज हात धजत नाही. दिवस भरायला अजून दीड महिना होता. पहाटे मागच्या अंगणात गेलो तर गाय पाय फाकवून थरथरत उभी आणि मागे कालवड पडलेली. अंगावर धड केसही नाहीत, निपचित.

गाय घेऊन वीस दिवस झाले. असीरगडच्या गोटूकडून घेतली. घेण्याआधी तृप्ती म्हणाली होती की बाबा, एकदा जनावरांच्या डॉक्टरला दाखवून घेऊ. तृप्ती माझी सून. इतवाऱ्यात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त-लघवी तपासते, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट तपासूनच घरात आणावी असं तिला वाटतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी गाई पाहतोय. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबतं.

उजाडायच्या आत मुलाला, हर्षलला उठवलं. त्याने भिंतीच्या कडेला खड्डा खणून कालवड पुरली. माझे गुडघे आता वाकत नाहीत. आमच्या लोधीपुऱ्यात कोणाला कळता कामा नये, असं घरात सगळ्यांना बजावलं. चौतीस वर्षं शाळेत घालवलेला, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला वामन महाजन गाईत फसला, ही बातमी इथल्या लोकांना आठवडाभर पुरेल.

आठच्या सुमाराला वार पडली. आमच्याकडे वासरामागून पडलेली वार फेकत नाहीत. गोणपाटाच्या पोत्यात बांधून चिकाच्या झाडाला टांगतात, म्हणजे गाईला दूध उतरतं. माझे वडील टांगायचे, त्यांचे वडीलही. अंगणात चिकाचं झाड एकच, उंबर. त्याची एक जाड फांदी हर्षलच्या खोलीच्या खिडकीसमोर येते. तीच बरी वाटली. हर्षलला वर चढवलं.

तृप्ती तोंडात ब्रश घेऊन दारात आली आणि म्हणाली की हातमोजे तरी घाला, घरात अख्खा बॉक्स आहे. हर्षलने माझ्याकडे पाहिलं.

"वारेला हातमोजे घालणारा महाजन अजून जन्मायचाय," मी म्हणालो.

हर्षल हसला आणि उघड्या हातांनीच गाठ मारली.

दूध: चिकाच्या चार धारा.

३० मार्च, पाडवा

दूध: दोन्ही वेळचं मिळून अर्धा लिटर.

गुढी उभारली. श्रीखंड बरं झालं होतं, पण ते खाऊ दिलं तर ना. जेवायला बसताच तृप्तीने विषय काढला.

"बाबा, कूलर चालू केला का सगळी बदबू रूममध्ये येते. बर्दाश्तच नाही होत. ते पोतं दुसरीकडे टांगू ना."

कूलर हर्षलच्या खोलीच्या त्याच खिडकीत बसवलेला आहे, त्याची पाठ उंबराकडे. मी विचारलं की दुसरं चिकाचं झाड कुठून आणू. ती म्हणाली की मग कूलर हलवू. खोलीला खिडकी एकच, हे तिला माहीत आहे. सुमनने म्हणजे माझ्या बायकोनेही तिचीच री ओढली. या घरात बायकांची युती झाली आहे.

वार वाळेपर्यंत पोतं हलणार नाही, असं सांगून मी उठलो.

६ एप्रिल, रविवार

दूध: एक लिटर.

उतरतंय. ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी खुशाल मुरडावं.

तृप्तीने आपलं अंथरूण पुढच्या खोलीत सुमनजवळ नेलं. लग्नाला तीन वर्षं झालेली बाई सासूजवळ झोपते, याचा अर्थ शेजारी काय लावतील ते तिला समजत नसेल असं नाही. मुद्दाम करते. हर्षल मात्र आपल्या खोलीतच आहे. तो पहाटे केळीमंडीत गाड्या लावायला जातो, बाराला येतो आणि जेवून कूलरसमोर झोपतो. मी त्याला सरळच विचारलं की तुला वास येतो का. म्हणाला, "नाही बाबा, इतका नाही." लहानपणापासून असाच आहे. मी जे म्हणेन त्याला हो.

१४ एप्रिल, सोमवार

दूध: सव्वा लिटर.

दोन दिवस अंथरुणावर होतो. अंग मोडून आलं होतं, ताप होता, डोळ्यांमागे ठणकत होतं. ऊन लागलं असणार. सुमनने काढा दिला, आज बरं आहे.

लू सुटली आहे, भाजणारा वारा. उंबराखाली उभं राहवत नाही. पोत्याचं बूड उसवलंय आणि आतला वाळलेला भुगा तंबाखूसारखा झडतो. बराचसा कूलरच्या गवतात जाऊन बसतो. हर्षलला गवत काढून साफ करायला लावलं. त्याने ते गच्चीवर नेऊन आपटलं, झटकलं आणि परत बसवलं. खोकत खाली आला. मी म्हणालो की तोंडाला रुमाल बांधायचा होतास.

पोतं आता काढलं तरी चालेल असं सुमनचं म्हणणं. पण दूध चढतंय तोवर हात लावायचा नाही.

१९ एप्रिल, शनिवार

हर्षलला कालपासून ताप, एकशे तीन. थंडी वाजते, घाम सुटतो, डोकं धरून बसतो. तृप्तीने लॅबमध्ये त्याचं रक्त नेलं. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, डेंग्यू नाही. एवढं तपासून हाताला काय लागलं तर नाही, नाही आणि नाही.

दूध: सव्वा लिटर.

२१ एप्रिल, सोमवार

हर्षल दवाखान्यात आहे. सकाळी उठला तेव्हा वाक्य पुरं होईना, मध्येच धाप लागे. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसली. न्यूमोनिया. नाकाला ऑक्सिजन लावलाय.

डॉक्टर वैजयंती म्हणून बाई आहेत. तृप्तीची लॅब यांच्या पेशंटांचे रिपोर्ट करते, म्हणजे दोघींचं आधीपासूनचं मेतकूट. तृप्ती औषधं आणायला खाली गेली होती, सुमन हर्षलपाशी होती. बाहेर मला एकट्याला गाठून बाईंनी प्रश्नांची सरबत्ती लावली. कुठे गेला होता, काय खाल्लं, सिगारेट ओढतो का. मग पेन थांबवून विचारलं, "घरात जनावर आहे? गेल्या महिन्याभरात कोणी व्यालं, कोणाचा गाभ पडला?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? वहीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही म्हणून लिहितो. तो प्रश्न ऐकल्याबरोबर मला वाटलं की तृप्तीनेच बाईंना पढवून ठेवलंय. मी हो म्हटलं असतं तर ते कागदावर चढलं असतं, आणि मग या घरात मरेपर्यंत मला ऐकावं लागलं असतं की गाय तपासून घ्या म्हटलं होतं ना. शिवाय माणसाच्या छातीचा आणि गाईच्या बाळंतपणाचा संबंध काय? पोराला धाप लागली आहे आणि या गोठ्याच्या चौकशा करतात.

बाईंनी 'नाही' लिहून खाली रेघ मारली.

२२ एप्रिल, मंगळवार

तगडी इंजेक्शनं चालू आहेत. ताप हलत नाही.

भेटायला नातेवाईक आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात प्रत्येकजण एकच विचारतो, एवढ्या धडधाकट पोराला हे झालं कसं. चौथ्यांदा विचारल्यावर माझा तोल गेला. मी म्हणालो, घरात एकच माणूस रोज लोकांच्या थुंकीत आणि रक्तात हात घालतं आणि तेच हात घेऊन घरी येतं. तृप्ती बाकावरच बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

ती उठली नाही, रडली नाही. फक्त संध्याकाळी सुमनने डबा पुढे केला तेव्हा म्हणाली, "मला भूक नाही." नंतर मी तिला खालच्या टपरीवर पोहे खाताना पाहिलं. म्हणजे आमच्या घरच्या अन्नाशी वैर.

२३ एप्रिल, बुधवार

दूध: सव्वा लिटर. सुमन दवाखान्यात, धारा मीच काढतो.

रावेरला गजाननरावांना, तृप्तीच्या वडिलांना फोन केला. स्पष्ट सांगितलं की हर्षल बरा होऊन घरी आला की तुमची मुलगी एकतर ती नोकरी सोडेल नाहीतर घर. ते म्हणाले, "गुरुजी, आधी पोरगा घरी येऊ द्या." आवाज भरलेला होता. मला त्याची दया आली नाही, राग आला. माझा पोरगा आणि रडायला हे.

२४ एप्रिल, गुरुवार

ऑक्सिजन वाढवला. थुंकीच्या तपासणीत काही उगवत नाही. बाईंनी सगळ्यांना बसवून नवीन टूम सांगितली. खंडव्याहून छातीचे डॉक्टर येणार, घशातून नळी घालून फुप्फुसातलं पाणी काढणार आणि ते पुण्याच्या लॅबला पाठवणार. तिथे त्या पाण्यात ज्या ज्या जिवाचा अंश असेल त्या सगळ्यांची जनुकं यंत्र वाचून काढतं. अमुक जंतू आहे का असं विचारायचं नाही, कोण कोण आहे तेच विचारायचं.

थोडक्यात वर्गाची हजेरी. मी म्हणालो की चौतीस वर्षं मी हजेरी घेतली, पण त्यासाठी कधी मुलाच्या घशात नळी घातली नाही. मी पोराला इंदूरला नेतो. बाई म्हणाल्या की या ऑक्सिजनवर रस्त्यात काय होईल सांगता येत नाही. मी सही करणार नाही म्हणालो.

"तुमची सही नको," तृप्ती म्हणाली. "पत्नी मी आहे."

आणि केली. पेन माझ्याच खिशातलं, सुमनने काढून दिलं.

पाण्याची कुपी तृप्तीने स्वतः बर्फाच्या डब्यात बांधली, चारदा चिकटपट्टी लावली आणि लॅबमधल्या एका माणसाला दुपारच्या गाडीत बसवून आली. निकालाला चार दिवस. तिने बांधलेला डबा म्हणजे तिच्याच हातचे जंतू निघतील त्यात, आणखी काय.

२६ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस वाईट. नाकातली नळी काढून तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावलाय, यंत्र हवा ढकलतं. हर्षलचे डोळे माझ्यावर होते. काहीतरी बोलायचं होतं त्याला, मास्कमधून नुसता घोगरा आवाज आला. मी म्हणालो की बोलू नकोस, आराम कर. बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं की उद्यापर्यंत सुधारला नाही तर व्हेंटिलेटर.

जिन्यात सुमनने मला थांबवलं. बायको म्हणून चाळीस वर्षं ओळखतो, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"तुमी मॅडमले गाईचं सांगितलं ना?"

मी हो म्हणालो.

"पोत्याचं?"

"सगळं सांगितलं."

"तृप्तीबी हेच म्हणे, तुमी पहिल्याच दिवशी सांगितलं असेल." तिने सुटकेचा श्वास सोडला आणि वर गेली. मी जिन्यातच उभा राहिलो. आता जाऊन सांगावं असं मनात आलं, दोन पायऱ्या चढलोही. मग वाटलं, पाच दिवसांनी जाऊन काय सांगायचं? की मी खोटं बोललो? तेही त्या दोघींसमोर? आणि त्याचा काही संबंध असता तर एवढ्या शिकलेल्या बाईंनी पुन्हा विचारलं नसतं का? दोन्ही पायऱ्या उतरलो आणि घरी धारा काढायला आलो.

दूध: दीड लिटर.

२८ एप्रिल, सोमवार

सगळं क्रमाने लिहितो.

व्हेंटिलेटरची वेळ काल आली नाही, पण आज येईल असं वाटत होतं. अकराला बाईंनी मला, सुमनला आणि तृप्तीला आपल्या खोलीत बोलावलं. पुण्याचा निकाल संगणकावर आला होता. हजेरीत नाव निघालं. लांबलचक परदेशी नाव आहे, मी ते वहीत लिहिणार नाही. बाई म्हणाल्या की हा जंतू गाई-शेळ्यांकडून येतो. जनावर गाभ टाकतं तेव्हा वारेत तो अतोनात असतो. वार वाळली तरी मरत नाही. धुळीत महिनोन्‌महिने राहतो आणि वाऱ्याबरोबर माणसाच्या छातीत जातो. जवळच्यांपैकी कोणाला मधल्या काळात ताप येऊन गेला का, असंही विचारलं. सुमनने माझ्याकडे पाहिलं.

मग बाईंनी फाईल उलटी चाळत पहिल्या पानावर आणली. तिथे बोट ठेवलं. "गुरुजी, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

सुमनच्या तोंडून, "अगं माय," एवढंच निघालं.

मी टेबलावरच्या काचेकडे पाहत होतो. काचेखाली औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. तृप्ती माझ्या उजवीकडे. ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता. तिने बाईंना विचारलं की औषध कुठलं. बाई म्हणाल्या, साधी गोळी आहे, पोरांना तोंडावर मुरुमं आली की देतात तीच. हर्षलला नळीतून देऊ.

तृप्ती माझ्याकडे वळली.

"सात दिवस, बाबा. गोळी खालच्या मेडिकलवर होती."

एवढं बोलून ती उठली आणि गोळी आणायला गेली. मला तिने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मी उलट बोलू शकलो असतो.

दूध काढायला गेलो नाही. गाय सायंकाळपासून हंबरत होती म्हणून शेजारून फोन आला.

२९ एप्रिल, मंगळवार

सुमनच्या हाती तृप्तीने कागद पाठवला. बोलणं बंद, कागद चालू. कोणीही मजूर झाडावर चढवायचा नाही. तोंडाला घट्ट मास्क. पोत्यावर आधी औषधाचं पाणी मारून ते ओलं करायचं, कोरडं हलवायचं नाही. खोल खड्डा, वर चुना. कूलरचं गवतही त्यात. हातमोजे तिच्या कपाटात खालच्या कप्प्यात.

शिडी लावून मीच चढलो. गुडघ्यांनी काय ते सांगितलं, पण चढलो. गाठ हर्षलने मारलेली, दुहेरी, मी शाळेत सहलीला जाताना शिकवलेली. ती ओली होऊन इतकी आवळली होती की हातमोज्यांतून सुटेना. शेवटी विळ्याने कापली. महाजनांच्या घरात वारेला हातमोजे घालणारा पहिला माणूस मी.

वरून पाहिलं तर पोतं आणि कूलर यांच्यात हातभर अंतर होतं. खालून ते कधी लक्षात आलं नव्हतं. की आलं होतं, देव जाणे.

गोटूला फोन केला. म्हणाला, "मास्टरसाब, मेरे यहाँ तो ठीक थी." तिच्या आधीच्या वेताचं विचारलं तर फोन कट केला. त्याला मी सोडणार नाही. जनावरांचे डॉक्टर येऊन गाईचं रक्त घेऊन गेले. निकाल येईपर्यंत विकायची नाही, कोणाला द्यायची नाही.

हर्षलचा ताप एकशे एक.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

हर्षलचा ताप उतरला. मास्क काढून पुन्हा नाकातली नळी लावली. चमचाभर आमरसही खाल्ला. दोन दिवस ती गोळी, एवढ्यात हा फरक. मी देवापुढे हात जोडले, आणि जोडतानाच मनात सात दिवस आले.

सणासुदीचं गल्लीत माहेरवाशिणींचे झोके बांधलेत, गाणी चालू आहेत. आम्ही पितरांची घागर भरली, पण सुमन पूजेच्या वेळीही माझ्याशी बोलली नाही.

दुपारी हर्षलपाशी एकटा होतो. आवाज अजून क्षीण आहे. छताकडे बघत त्याने विचारलं, "बाबा, मॅडमनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही का म्हणाले?"

खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "आठवलं नाही रे."

शाळेत 'गुरुजी, आठवलं नाही' म्हणणाऱ्या पोरांना मी हातावर छड्या दिल्या आहेत. कोण खोटं बोलतंय ते मला त्यांच्या कानांवरून कळायचं. हर्षलने माझ्याकडे पाहिलं नाही. "ठीक आहे," म्हणाला आणि कुशीवर वळला. शनिवारी मास्कमधून त्याला काय बोलायचं होतं ते मी विचारलं नाही. मला माहीत आहे.

५ मे, सोमवार

हर्षलला सुटी मिळाली. दवाखान्याच्या फाटकात रावेरची गाडी उभी होती. गजाननराव स्वतः आले होते. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, ते मला सहन झालं नाही. आखाजीला माहेरी जायचं राहिलं म्हणून आता जाते, असं तृप्तीने भेटायला आलेल्यांना सांगितलं. चांगलं कारण आहे. आखाजीला सून माहेरी गेली तर कोणी काही विचारत नाही. सोबत नवरा का जातो, तेही आजारपणामुळे कोणी विचारणार नाही.

गाडीत बसण्याआधी हर्षल म्हणाला की तिकडे महिनाभर राहू, मग इतवाऱ्यात तिच्या लॅबजवळ एक खोली पाहिली आहे. मी विचारलं, "आणि घर?" तो म्हणाला, "येत जाऊ ना बाबा." आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला विचारल्याशिवाय काही ठरवलं, आणि मला नाही म्हणता येईना.

गाडी गेल्यावर मी परत वर चढलो. वैजयंतीबाई पेशंट पाहत होत्या, रांगेत बसलो. नंबर आल्यावर म्हणालो की हर्षलची फाईल द्या, पहिल्या पानावरचं ते 'नाही' मला खोडायचं आहे. तिथे 'होय' लिहून माझी सही करतो. खोटं सांगितलं होतं असंही लिहितो, हवं तर. लाल पेन घेऊन गेलो होतो, शाळेतली सवय.

बाईंनी फाईल काढली, पण माझ्यासमोर ठेवली नाही.

"त्यात खाडाखोड करता येत नाही, गुरुजी. त्या दिवशी जे सांगितलं गेलं तेच तिथे राहतं."

"कायमचं?"

"हो. खाली लिहिलंय बघा, माहिती देणारे: वडील."

मी पेन खिशात घातलं. माझ्यासाठीच्या गोळ्या सकाळीच तृप्तीकडे लिहून दिल्यात, असं त्यांनी सांगितलं. माझं रक्तही परवा तपासलं होतं, एप्रिलातला तो ताप उन्हाचा नव्हता.

११ मे, रविवार

गोळ्यांची पुडी तृप्तीने दवाखान्यातच सुमनकडे देऊन ठेवली होती. वर तिच्या अक्षरात लिहिलंय: 'बाबा. सकाळी १, रात्री १. दुधाबरोबर घ्यायची नाही.' अक्षर चांगलं आहे तिचं, सुटं आणि सरळ. एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. कारण आमच्या घरात लिहिणारा मीच.

तिला फोन करायला तीनदा नंबर काढला. काय म्हणणार? आठवलं नाही, हे तिला सांगून चालणार नाही. ती हसली नाही तरी मला ऐकू येईल.

सुमन पुढच्या खोलीत झोपते, तृप्तीचं अंथरूण होतं त्या जागी. जेवायला वाढते, बोलत नाही. हर्षलच्या खोलीच्या खिडकीत कूलर तसाच आहे, गवताशिवाय, नुसता पत्र्याचा सांगाडा. त्यातून उंबराची फांदी दिसते. दोरीचा तुकडा तिच्यावर राहिलाय, तो काढायला मला परत चढता येणार नाही.

गाईच्या रक्ताचा निकाल आला, तोच जंतू. डॉक्टर म्हणाले की उकळून प्यायला हरकत नाही. सुमनने दूध तापवायला ठेवलं नाही, मीही सांगितलं नाही. सायंकाळच्या धारा मी स्वतः काढल्या, हातमोजे घालून. बादली भरत आली तसा हात थांबेना. पोतं उतरवून बारा दिवस झाले, आणि या गाईने असा फेस पहिल्यांदाच दिला होता. मग ती उचलून भिंतीकडे नेली, कालवड पुरली आहे तिथे, आणि हळूहळू ओतली. जमिनीने सगळं पिऊन टाकलं.

दूध: चार लिटर.